सध्या काय वाचायलात? तालुक्याच्या गावात वाचनकट्टा जमवायचा असेल तर

मी सेलूचा, परभणी जिल्हा. झेरॉक्सचं दुकान आहे माझं. दिवसभर सातबारा, आधार, पीकविम्याचे कागद काढायचे आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालचं पुस्तक उघडायचं. आता पुस्तक वाचताना मधीच एखादं पान असं येतं की लगेच कुणाला तरी सांगावं वाटतं, आणि तालुक्याच्या गावात अडचण हीच की सांगायचं कुणाला. बायकोला सांगायला गेलं की ती म्हणती आधी दुकानाचं लाईटबिल वाचा.

म्हणून आम्ही चार-पाच जणांनी कट्टा काढला. दोनदा बुडाला. तिसऱ्यांदा जो जमला तो सहा वर्षं झाले चालूय. मागच्या महिन्यात जिंतूरचे दोघं आणि मानवतचा एक पोरगा दुकानात येऊन विचारून गेले, आम्हालाबी करायचंय, कागद काय लागतात, खर्च किती, लोक टिकवायचे कसे. तेच तेच सांगून तोंड दुखायलं म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी बुडालं कसं ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथंच बुडतात.

पहिल्यांदा आम्ही हॉल घेतला, फ्लेक्स छापला, प्रमुख पाहुणे बोलावले, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, सगळं रीतसर. ४१ माणसं आली. पाहुणे सव्वा तास बोलले, साहित्य आणि समाज ह्या विषयावर. ज्यांना आपण वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं होतं असे तिघं होते, त्यातल्या एकाला शेवटी चार मिनिटं मिळाली, तीबी आभारप्रदर्शनाच्या आधी घाईघाईत. पुढच्या वेळी ९ आले. तिसऱ्या वेळी मी आणि हॉलची किल्ली ज्याच्याकडं होती तो.

दुसऱ्यांदा ठरवलं की सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचायचं. ११ प्रती मागवल्या. चौघांनी वाचलं. बाकीचे गृहपाठ न केलेल्या पोरांसारखं तोंड करून बसले आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची पाठ धरली. पैसे मात्र माझे अडकले, दोन जणांकडून अजून यायचेत.

तिसऱ्यांदा ठरवलं, ज्याला जे वाचायचं ते वाचू द्या, आपण फक्त विचारायचं, सध्या काय वाचायलात आणि कितव्या पानावर आहात. बास. सगळा कट्टा ह्या पानावर उभाय, ते पुढं येईलच.

१. आधी पाच माणसं शोधा

पन्नास नको, पाच. आणि पाचही वेगवेगळ्या धंद्यातले. सगळे शिक्षक घेतले की स्टाफरूम होते, सगळे कवी घेतले की कविसंमेलन होतं (कवींबद्दल माझा काही राग नाही, पण त्यांच्या खिशात कागद असतो हे लक्षात ठेवा).

माणसं कुठं सापडतात? गावातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना सांगून ठेवा की जे नेमानं पुस्तक बदलायला येतात त्यांच्या कानावर घाला. रजिस्टर बघून थेट कुणाच्या घरी जाऊ नका, लोकांना ते आवडत नाही. दुसरी जागा म्हणजे अभ्यासिका. आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका झाल्यात, पोरं दिवसाला दहा तास वाचतात पण सगळं चालू घडामोडी आणि राज्यघटना. त्यातला एखादा चोरून कादंबरी वाचणारा असतोच, तो हुडका. आमचा सगळ्यात चांगला बोलणारा मेंबर तिथूनच आलाय.

म्हातारी माणसं सोडू नका. आमच्याकडं एक तात्या आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तेव्हा ते शाळेत होते, उर्दू शिकलेले. अजून उर्दू वाचतात आणि आम्हाला मराठीत सांगतात. पहिल्या बैठकीला म्हणले, "माझं पुस्तक तुमच्या कुणाला वाचता यायचं नाही, मग मी काय बोलू?" म्हणलं तात्या, म्हणूनच बोला.

आणि एक तरी बाई पहिल्या पाचांत पाहिजेच. नंतर बायका येतील म्हणाल तर येत नाहीत. एकदा पुरुषांचा अड्डा झाला की झाला.

२. जागा

वाचनालयाचा हॉल मिळाला तर चांगलंच. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली चालतात, त्यांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि सरकारी अनुदान असतं, त्यामुळं तिथला कारभार कागदावर चालतो. तोंडी "हो हो बसा की" म्हणलं तरी अर्ज द्याच, नाहीतर पदाधिकारी बदलले की कुलूप दिसतं. अर्जाला लागतं ते इतकंच:

- अध्यक्ष किंवा सचिवांच्या नावानं साधा अर्ज, त्यात वार, वेळ आणि अंदाजे किती माणसं
- दोन जणांच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि मोबाईल नंबर
- हॉल झाडून, दिवे-पंखे बंद करून किल्ली परत देऊ अशी एक ओळ
- अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि सहीसकट. ही प्रत जपून ठेवा

हॉल नाही मिळाला तर रविवारी शाळेचा वर्ग, कुणाची ओसरी, गच्ची. देवळाचा सभामंडप सोपा वाटतो पण सगळ्यांना तिथं मोकळं वाटत नाही, आम्ही टाळला. हॉटेलात बसू नका, दीड तासात दोन चहावर बारा माणसं बसल्यावर मालक फडकं घेऊन तेच टेबल पुसत राहतो.

आमची उन्हाळ्याची बैठक गच्चीवर असते. एप्रिल-मेत आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी चारला कुणाला बोलावलं तर शिव्या खाल. पाचला गच्चीवर पाणी मारून ठेवायचं, सहाला सतरंजी टाकायची. लाईट जाणारच असं धरून चार्जिंगचा बल्ब जवळ ठेवायचा.

३. वार आणि वेळ गावाच्या कॅलेंडरवरून ठरवा

हे शहरातल्या लोकांना कळत नाही. आपल्याकडं माणूस मोकळा कधी असतो हे पाऊस आणि पीक ठरवतं. मृग लागला, पाऊस पडला की पेरणी, मग पंधरा-वीस दिवस कुणी येत नाही, बैठक ठेवूच नका. दसऱ्याच्या मागंपुढं सोयाबीन काढणी. त्यानंतर कापूस वेचणी, पण तेव्हा संध्याकाळी लोक येतात. गावात सप्ताह बसला तर ते सात दिवस विसरा.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामांची जयंती. सगळ्यांना वाटतं त्याच दिवशी उद्घाटन करावं. करू नका. एक तर सोयाबीनची मळणी चालू असते, दुसरं म्हणजे त्या दिवशी गावात जिथं तिथं पुस्तक हातात धरून फोटो काढणं चालू असतं आणि तुमचा कट्टाबी त्यातलाच एक फोटो होऊन बसतो. साध्या रविवारी सुरू करा.

आमचं असंय, महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार, चार ते साडेपाच. आधी रात्री आठला ठेवलं होतं, चार महिने एकबी बाई आली नाही. आम्ही म्हणायलो बायकांना वाचनाची आवड नाही! शेवटी एका काकूंनी तोंडावर सांगितलं, "आठला भाकरी कोण टाकणार, तुम्ही?" दुसऱ्याच बैठकीपासून वेळ बदलली आणि चौघी आल्या.

४. बैठक चालवायची कशी

इथं जरा सावकाश वाचा.

गोल बसायचं. खुर्ची असेल तर सगळ्यांना, नसेल तर कुणालाच नाही. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. एकानं घड्याळ सांभाळायचं, प्रत्येक बैठकीला वेगळा माणूस. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि त्यात एवढंच सांगायचं:

- पुस्तक कुठलं आणि हाती कसं आलं
- कितव्या पानावर आहात
- त्या पानाच्या आसपास काय चाललंय
- वाचताना कुठं थांबलात, अडलात, का चिडलात
- पुढं वाचावं वाटतंय का सोडून द्यावं वाटतंय

पुस्तकाबद्दल मत काय, असं विचारायचं नाही. हे मी अनुभवानं सांगायलोय. मत विचारलं की माणूस ताठ होतो, आवाज बदलतो, "लेखकाने अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे" असं बोलायला लागतो, जे तो घरात कधी बोलत नाही. पान विचारलं की पुस्तक उघडतो, बोट ठेवतो आणि खरं बोलतो.

एक प्रसंग सांगतो. त्याच काकू, भाकरीवाल्या. दुष्काळावरची एक कादंबरी वाचत होत्या, तीन बैठका झाल्या तरी पान ६२. आम्हाला वाटलं वेळ मिळत नसंल. चौथ्या वेळी कुणीतरी विचारलं, काकू ६२ वर काय आहे एवढं? तर म्हणल्या, तिथं बैल विकायला नेतात. आमच्या घरचा बैल ७२ च्या दुष्काळात विकला, मी नऊ वर्षांची होते. माय खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची, तिचा वास अजून नाकात आहे. बैल नेला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आणि मग ज्या वाक्यासाठी मी हे सांगायलोय ते म्हणल्या, "ह्या लेखकानं बैल बाजाराला नेताना मालकाला पानभर बोलतं केलंय. माझा बाप एक शब्द बोलला नव्हता. म्हणून मला हे पान खोटं वाटतं, पुढं जाववत नाही."

आता ह्याच्यापेक्षा नेमकं मत कुठं ऐकायला मिळणार! आणि गंमत पुढंच आहे, अभ्यासिकेतला पोरगा म्हणला, काकू, तुमचा बाप तुमच्यापुढं बोलला नसंल, पण रस्त्यानं एकट्यानं बैलाशी बोलला असंल की, तुम्ही कुठं बरोबर होता. काकू गप. आम्ही सगळेच गप. पाच मिनिटांची घंटा वाजली तरी कुणी उठलं नाही. पुढच्या बैठकीला काकू पान ११८ वर होत्या, आणि पोरानं ती कादंबरी वाचनालयातून स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवली होती.

हे काही नवीन नाही म्हणा. श्रावणात आपल्या गावोगावी पोथी लागायची, श्रीधरस्वामींचा हरिविजय नाहीतर पांडवप्रताप, एक जण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा, आणि ऐकणारा कुणीतरी मधीच म्हणायचा थांबा, हे असं कसं? सांगणारा पोथी खाली ठेवून त्याला उत्तर द्यायचा. पान तिथंच उघडं असायचं. आमच्या तात्यांना कट्टा समजावून सांगावाच लागला नाही.

५. पहिल्यांदा बोलणाऱ्यासाठी

तुम्ही कट्टा काढणार नसाल, नुसते जाणार असाल तरी हे वाचा.

पुस्तक पूर्ण झालेलं असावं लागत नाही. उलट अर्धवटच बरं, कारण अर्धवट पुस्तकाबद्दल माणूस शंका घेतो आणि पूर्ण झालेल्याबद्दल निकाल देतो.

"छान आहे", "आवडलं" एवढ्यावर थांबू नका, कुठं आवडलं ते दाखवा. त्यासाठी वाचताना चिठ्ठ्या घालत जा, माझ्या दुकानात कागदाच्या कातरणीचा ढीग असतो, मी मूठभर देऊनच टाकतो. वाचनालयाच्या पुस्तकावर पेनानं रेघा मारू नका, पानं दुमडू नका.

पुस्तक सोडलं असेल तर लाजू नका. आमच्या एका निवृत्त गुरुजींनी सगळ्यांसमोर कबूल केलं की एक फार नावाजलेली जाडजूड कादंबरी त्यांनी तिसऱ्यांदा नव्वदाव्या पानावर सोडली. इतके दिवस वर्गात पोरांना ती वाचा म्हणून सांगत होते! त्या दिवशी नंतर एकेक करत सात जणांनी आपापली सोडलेली पुस्तकं सांगितली, फार हसलो. फक्त सोडलं असेल तर "पुस्तक बेकार आहे" आणि "मला जमलं नाही" ह्यातलं नेमकं कुठलं ते स्वतःशी ठरवून या.

शेवट फोडू नका. रहस्यकथेचाच नाही, कुठलाच. आमच्यात शेवट फोडणाऱ्याला पुढच्या बैठकीचा चहा लागतो.

आणि बोला आपल्या बोलीत. वाचायलोय, करायलोय, काहून, लई, सगळं चालतं. पुण्याची भाषा काढली की निम्मी अक्कल ती सांभाळण्यातच जाते. आपल्या परभणीचे आसाराम लोमटे, त्यांच्या 'आलोक' ह्या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यात आपल्याच भागातली माणसं आहेत. तिकडं पुस्तकात ती चालतात आणि आपण कट्ट्यावर बोलायचं म्हणलं की "माझे असे मत आहे की" कशाला?

६. भांडणं

होणार. इतिहासाचं पुस्तक निघालं की होणार, जातीवरचं निघालं की होणार, आत्मचरित्र निघालं की त्यातल्या माणसाच्या पार्टीवरून होणार. सुरुवातीला आम्ही असले विषय बंद केले होते. मग लक्षात आलं की असली पुस्तकं वगळली तर उरतं काय, पाककृती? आणि दलित आत्मकथनं वाचणारे आमचे दोघं गप बसायला लागले, तो तर सरळ अन्यायच होता.

मग नियम केला, पान काढा. कुणी म्हणलं "ह्यात अमक्याची बदनामी केलीय", तर पान काढून मोठ्यानं वाचायचं, आधीचा आणि नंतरचा परिच्छेद धरून. दहापैकी सहा वेळा तसं काही लिहिलेलंच नसतं, कुणीतरी मोबाईलवर फिरवलेलं असतं. उरलेल्या चार वेळा खरंच लिहिलेलं असतं, मग त्यावर बोलता येतं. ज्यानं पुस्तक हातात घेतलेलंच नाही त्यानं ऐकायचं. हा नियम नगरसेवकालाबी लावला आम्ही, तो परत आला नाही, काही बिघडलं नाही.

७. व्हॉट्सॲप ग्रुप आणि पीडीएफचा सापळा

ग्रुप लागतोच. पण शुभ सकाळ, वाढदिवस, निवडणूक, सगळं बंद. आठवड्यातून एकदा आपलं पुस्तक आणि पान टाकायचं, एखादी ओळ लिहायची, आवाजी मेसेज दोन मिनिटांच्या आत.

आता माझ्या धंद्यातलं. रोज कुणीतरी येतं, "भाऊ तीनशे पानाचं पुस्तक आहे, अख्खं मारून द्या, स्पायरल करा." कट्ट्याच्या पहिल्या वर्षी मीच हौसेनं एका पुस्तकाच्या सहा कॉप्या काढून वाटल्या. गुरुजींनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणले, "हे लिहिणाराच्या घरी लाईटबिल येत नसंल का?" तेव्हापासून बंद. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफचंबी तेच.

हिशेब सोपा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, मोजायचं पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०४२ संपेपर्यंत विकतच घ्यायची नाहीतर वाचनालयातून आणायची. बी. रघुनाथ १९५३ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लिखाण आता सगळ्यांसाठी मोकळं आहे. (त्यांचं जन्मगाव सातोना म्हणजे सेलूच्या शेजारचं स्टेशन, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी कट्ट्यावर येईपर्यंत त्यांची एक ओळ वाचली नव्हती, मीबी त्यातलाच.) साने गुरुजी १९५० ला गेले, तेही मोकळं. अशी जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर सापडतात, तिथून खुशाल वाचा. पण जुनं पुस्तक मोकळं असलं तरी त्याच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना नवीन माणसाची असू शकते, ती मारू नका.

८. पुस्तकं आणायची कुठून

वाचनालयाचं सभासद व्हा, ह्याच्याइतकं स्वस्त काही नाही. ओळखपत्राची झेरॉक्स, एक-दोन फोटो, अनामत आणि वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात. अनामतीची पावती लॅमिनेट करू नका, परत घेताना कधी कधी त्यावरच सही करावी लागते, नुसती फाईलला लावा.

आपसात देवघेव करायची तर वही पाहिजे. पुस्तक, देणारा, घेणारा, तारीख, परत आल्याची सही. मैत्रीत कशाला लिहायचं म्हणून आम्ही वर्षभर लिहिलं नाही, माझी नऊ पुस्तकं गेली. कुणी नेली मला अंदाज आहे, त्यांनाबी आहे, रोज नमस्कार करतात.

खेड्यावरच्या मेंबरला बाजाराच्या दिवशी द्यायचं, तो तालुक्याला येतोच. लांबच्यासाठी पोस्ट. मे २०२५ पासून पुस्तकं पाठवायला ज्ञान पोस्ट म्हणून वेगळी सेवा निघालीय, कुठली पुस्तकं त्यात बसतात आणि वजनाला किती पडतं ते काउंटरवर विचारा. नवीन घ्यायचं असेल तर आमच्यातलं कुणीतरी संभाजीनगरला जातच असतं, औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून यादी देऊन आणतो, चार-पाच एकदम घेतली तर सवलत मागायला लाजायचं नाही.

९. खर्च आणि सामान

सतरंजी घरची. घड्याळ मोबाईलमधलं. दोन वह्या, एक देवघेवीची आणि एक पानांची, म्हणजे कोण आज कितव्या पानावर ते लिहायची. चार्जिंगचा बल्ब. कातरणीच्या चिठ्ठ्या. चहा एका बैठकीला दीडशे रुपये, वाटून. पावती पुस्तक छापू नका, नोंदणीकृत संस्था करायच्या मागं लागू नका. आम्हाला एकानं सुचवलं होतं, घटना, कार्यकारिणी, कोषाध्यक्ष. चहाच्या दीडशे रुपयाला कोषाध्यक्ष!

१०. तिसऱ्या बैठकीनंतर गळती लागली तर

लागतेच. घाबरून पाहुणे बोलवायला जाऊ नका. पानांची वही काढा आणि जे आले नाहीत त्यांना फोन करून फक्त विचारा, तुम्ही ८४ वर होता, पुढं काय झालं? का आला नाहीत असं अजिबात विचारू नका. मागच्या खेपेचं पान कुणीतरी लक्षात ठेवलंय म्हणल्यावर माणूस येतो, नाहीतर निदान वाचतो.

आमचा एक मेंबर माजलगावकडचा आहे, दिवाळीनंतर बायकोसोबत ऊसतोडीला जातो, कधी सांगलीकडं तर कधी कर्नाटकात. पाच-सहा महिने गायब. पहिल्या वर्षी आम्ही त्याचं नाव वहीतून काढणार होतो, तेवढ्यात रात्री साडेअकराला त्याचा आवाजी मेसेज आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज, "पान ३३, भरायला गाडी लागलीय, उद्या सांगतो." उद्या काही सांगितलं नाही, आठ दिवसांनी सांगितलं, पण सांगितलं. आता तो जाताना दोन पुस्तकं नेतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पालावर ओल असती म्हणून. त्याचे मेसेज बैठकीत सगळ्यांना ऐकवतो, त्याच्यासाठी दोन मिनिटांचा नियम नाही.

दुकानात विचारतात ते उरलेले प्रश्न

लहान पोरं आणावीत का? आणा, पण त्यांनाबी पाच मिनिटं द्या आणि तेच प्रश्न विचारा. मोठ्यांनी मधी बोलायचं नाही.

धार्मिक पुस्तक चालतं का? चालतं. पान सांगायचं, कीर्तन करायचं नाही.

फक्त अभ्यासाचीच पुस्तकं वाचतो, येऊ का? या. आमच्याकडं एकानं अर्थसंकल्पावरच्या पुस्तकाबद्दल असं सांगितलं की दोन शेतकरी तेच पुस्तक मागायला लागले.

मोबाईलवर ऐकलेलं पुस्तक चालतं का? सुरुवातीला गुरुजींचा विरोध होता, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे म्हणायचे. मग एका मेंबरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना महिनाभर दुसरा इलाजच नव्हता. त्यामुळं चालतं. पान नसलं तर कितव्या मिनिटाला आहात ते सांगायचं.